हार्ड डिस्क : घ्यावी कोणती आणि ठेवावी कुठे?

घरात संगणक असो वा नसो, हल्ली प्रत्येक घरात जपून ठेवण्यासारखे काही ना काही मोबाइलमध्ये साठत असते. लग्नाचे फोटो, बारशाचे चित्रीकरण, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, सातबारा, आणि माणूस गेल्यावर मागे उरलेला त्याचा आवाज. मोबाइल भरला की हे सारे कुठे तरी हलवावे लागते आणि मग प्रश्न उभा राहतो की हार्ड डिस्क कोणती घ्यावी. मी आमच्या तालुक्याच्या गावी एका फोटो स्टुडिओत संध्याकाळी अल्बम जुळवण्याचे काम करते. त्यामुळे वर्गातल्या मैत्रिणींपासून प्राध्यापकांपर्यंत अनेकांनी हा प्रश्न मला विचारला आहे. प्रत्येकाला तोंडी तेच ते सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून काढावे असे मनात होते. वार्षिकांकाने ती संधी दिली.

विचारणाऱ्याला बहुधा एका कंपनीचे नाव हवे असते. ते कळले की त्याचे समाधान होते आणि तो दुकानाकडे वळतो. पण या प्रश्नाचे उत्तर कंपनीच्या नावात नाही, हे आधीच सांगून टाकते. हार्ड डिस्क हे यंत्र आहे आणि यंत्र केव्हा ना केव्हा बंद पडतेच. १९५६ साली आय.बी.एम.ने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या. कपाटाएवढ्या त्या धुडात सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत, म्हणजे आजच्या मोबाइलने काढलेला एक बरासा फोटो त्यात कसाबसा बसला असता. पुढे या धंद्यात अनेक कंपन्या आल्या, एकमेकींनी एकमेकींना विकत घेतले आणि आज जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या तीनच मोठ्या कंपन्या उरल्या आहेत : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. डबीवर नाव कोणाचेही असले तरी आतले यंत्र या तिघींपैकी एकीचे असते.

अमेरिकेत बॅकब्लेझ नावाची कंपनी आहे. लोकांचा डेटा भाडे घेऊन सांभाळणे हा तिचा व्यवसाय. तिच्याकडे लाखांच्या घरात डिस्क अहोरात्र फिरत असतात आणि त्यांपैकी कोणत्या किती बंद पडल्या याचे २०१३ पासूनचे आकडे ती लोकांपुढे ठेवते. २०२४ सालचा तिचा सरासरी आकडा असा की शंभर डिस्कमागे वर्षाला दीडहून किंचित अधिक डिस्क बंद पडल्या. हे आकडे पाहताना ध्यानात येते की फरक कंपनी-कंपनीत आहे त्याहून अधिक तो एकाच कंपनीच्या निरनिराळ्या मॉडेलमध्ये आहे. एक मॉडेल वर्षानुवर्षे चालते आणि त्याच कारखान्यातले दुसरे पटापट गळते. शिवाय एखादे मॉडेल चांगले होते हे सिद्ध व्हायला चार-पाच वर्षे जातात, तोवर ते बाजारातून गेलेले असते. म्हणून ‘अमुक कंपनीची घे, डोळे मिटून घे’ हा सल्ला मला पटत नाही.

आता थोडा हिशेब करू. एक डिस्क वर्षभरात जाण्याची शक्यता शंभरात दीड धरली, तर दोन निराळ्या डिस्क त्याच वर्षात जाण्याची शक्यता निघते सुमारे साडेचार हजारांत एक. त्यात पहिली गेल्याबरोबर आपण तिच्या जागी नवी आणली, तर ती याहूनही कमी होते. उलट दुप्पट किंमत देऊन एकच भारी डिस्क घेतली आणि ती दुप्पट टिकाऊ निघाली असे मानले, तरी शंभरात पाऊण ही जोखीम उरतेच. तेव्हा ज्याच्याजवळ एका चांगल्या डिस्कपुरते पैसे आहेत त्याने दोन साध्या घ्याव्यात, हे माझे मत. हा सारा हिशेब मात्र ‘निराळ्या’ या एका शब्दावर उभा आहे. दोन्ही डिस्क एकाच पिशवीत, एकाच टेबलावर, एकाच घरात असतील, तर पिशवी पडली, टेबल कलंडले किंवा घरात पाणी शिरले की दोन्ही एकदम जातात. मग त्या दोन राहत नाहीत, हिशेबाला एकच धरायच्या. याकडे पुढे पुन्हा येते. आधी यंत्राविषयी थोडे सांगायला हवे, कारण त्याशिवाय दुकानदाराचे बोलणे समजत नाही.

हार्ड डिस्कच्या डबीत ॲल्युमिनियमच्या किंवा काचेच्या गुळगुळीत तबकड्या असतात. त्यांवर चुंबकीय पदार्थाचा अत्यंत पातळ थर असतो. तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते. साडेतीन इंची डिस्कची तबकडी ७२०० फेऱ्यांनी फिरते तेव्हा तिची कड ताशी सुमारे सव्वाशे किलोमीटर वेगाने धावत असते, म्हणजे आमच्या गावच्या एस.टी.ला कधीही न गाठता आलेला वेग. आणि या धावत्या तबकडीवर वाचणारे-लिहिणारे टोक हवेच्या गादीवर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते. माणसाच्या केसाची जाडी साधारण पन्नास हजार ते एक लाख नॅनोमीटर असते, यावरून ते अंतर किती कमी हे कळावे. फिरत असताना डिस्क हातातून निसटली तर ते टोक तबकडीवर आदळते आणि जिथे आदळते तिथला थर खरवडून निघतो. तिथे जे लिहिलेले होते ते मग कोणालाही परत आणता येत नाही.

स्टुडिओत गेल्या वर्षी एक गृहस्थ आले होते. सात वर्षांपूर्वीच्या लग्नाचे फोटो त्यांनी एकाच डिस्कवर ठेवले होते. डिस्क लॅपटॉपला जोडलेली असताना पलंगावरून खाली पडली आणि तेव्हापासून आतून नुसता टिकटिक आवाज येई. लग्नात करवली म्हणून मिरवलेली त्यांची धाकटी बहीण मध्यंतरी वारली होती. स्टुडिओत एखादी प्रत उरली असेल या आशेने ते आले होते. आमचा स्टुडिओ गिऱ्हाइकाचे फोटो वर्षभर ठेवतो आणि नंतर जागेअभावी काढून टाकतो. बहुतेक स्टुडिओ असेच करतात आणि कामाच्या पावतीवर तसे छापलेलेही असते. स्टुडिओच्या मालकांनी, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, ती डिस्क शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे पाठवून पाहिली. तिथे धूळविरहित खोलीत डबी उघडतात आणि नुसते तपासण्याचेही पैसे घेतात. तबकडीवर ओरखडे पडल्याचा निरोप आला. शेवटी हाताशी राहिला तो छापील अल्बम. कागदावरचा अल्बम ही सुद्धा एक प्रतच आहे आणि ती उघडायला वीज लागत नाही, हे आम्हा अल्बम लावणाऱ्यांना एरवी कोणी सांगत नाही.

तर दुकानात गेल्यावर पुढ्यात तीन प्रकार येतात. पहिला अडीच इंची, खिशात मावणारा. तो संगणकाच्या यूएसबीवरच चालतो, वेगळी वीज लागत नाही. दुसरा साडेतीन इंची, वहीपेक्षा थोडा लहान पण जाड. त्याला स्वतःचा अडॅप्टर लागतो, आणि तेवढ्याच पैशात त्यात बहुधा जास्त जागा मिळते. तिसरा एस.एस.डी. यात फिरणारे काहीच नसते. आतल्या चिपमध्ये विद्युतभार अडकवून माहिती धरलेली असते.

अडीच इंचीचा गुण म्हणजे सोय आणि दोषही तोच. सोयीची म्हणून ती सगळीकडे हिंडते आणि हिंडते म्हणून पडते. तिच्याविषयी आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. अशा बऱ्याच डिस्कमध्ये यूएसबीचे तोंड थेट आतल्या पट्टीवरच जोडलेले असते. ते तोंड ढिले झाले किंवा तुटले, तर डिस्क काढून दुसऱ्या डबीत घालता येत नाही. साडेतीन इंचीच्या डबीत मात्र बहुधा साधी संगणकाची डिस्क असते आणि डबी बिघडली तर ती बाहेर काढून दुसरीकडे जोडता येते. ज्यांना डिस्क घरात एका जागी ठेवायची आहे त्यांना मी साडेतीन इंची सुचवते. आमच्याकडे दिवे जाण्याचा नेम नसतो, म्हणून नक्कल चालू असताना तिला इन्व्हर्टर असेल तर त्यावर घ्यावे. तो नसेल तर अडीच इंचीच बरी, लॅपटॉपच्या बॅटरीवर तिचे काम पुरे होते.

एस.एस.डी. पडली तरी सहसा काही होत नाही आणि तिचा वेगही फार मोठा. रोजच्या कामाला तिच्यासारखी दुसरी नाही. पण वर्षानुवर्षे कपाटात ठेवून देण्यासाठी ती मला योग्य वाटत नाही. चिपमध्ये अडकवलेला भार विजेवाचून हळूहळू झिरपत जातो, आणि चिप जितकी वापरून झिजलेली व खोली जितकी तापलेली तितका तो लवकर झिरपतो. पत्र्याच्या खोलीतल्या मे महिन्याची कल्पना ज्याला आहे त्याला यावर अधिक सांगणे नको. चुंबकीय तबकडीला हा धोका तसा नाही. पेनड्राइव्हमध्येही चिपच असते आणि बहुधा हलक्या प्रतीची असते. पेनड्राइव्ह म्हणजे फाइल नेण्या-आणण्याचे साधन, ते साठवणीचे नव्हे.

डिस्कच्या खोक्यावर न छापलेली एक बाब इथे सांगते, कारण तिने पुष्कळांना फसवले आहे. आमच्या घरावर मंगलोरी कौले आहेत. एक कौल दुसऱ्यावर थोडे चढलेले असते, त्यामुळे मधले एक फुटले तर वरची काढल्याशिवाय ते बदलता येत नाही. डिस्कवर जास्त मजकूर मावावा म्हणून कंपन्यांनी नेमकी हीच युक्ती काढली. लेखनाच्या रेघा कौलांसारख्या एकीवर एक चढवल्या. या पद्धतीला एस.एम.आर. म्हणतात. रेघा सुट्या सुट्या असतात त्या जुन्या पद्धतीला सी.एम.आर. कौलारू डिस्कवर एकदा लिहिणे सोपे असते, पण मधलेच काही बदलायचे म्हटले की शेजारच्या रेघा उचलून पुन्हा मांडाव्या लागतात आणि डिस्क गोगलगाय होते. २०२० साली असे उघडकीस आले की तिन्ही कंपन्यांनी काही डिस्क या पद्धतीच्या असल्याचे न सांगता विकल्या होत्या. वेस्टर्न डिजिटलने तर सतत चालणाऱ्या सामायिक साठवणीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या आपल्या ‘रेड’ मालिकेतही त्या घातल्या होत्या. बराच गदारोळ झाल्यावर कंपन्यांनी कोणते मॉडेल कोणत्या पद्धतीचे याच्या याद्या जाहीर केल्या. घरच्या नकलेसाठी कौलारू डिस्क चालते, कारण तिथे आपण एकदा लिहितो आणि ठेवून देतो. रोज ज्यावर काम करायचे ती मात्र सी.एम.आर. असावी. मॉडेलचा क्रमांक पाहून यादीत शोधायला पाच मिनिटे पुरतात.

तालुक्याच्या दुकानात डिस्क मागितली तर पुष्कळदा सी.सी.टी.व्ही.साठीची डिस्क पुढे ठेवतात, कारण तीच अधिक खपते. ती वाईट नसते. अहोरात्र लिहीत राहण्यासाठी ती केलेली असते आणि घरच्या साठवणीलाही चालते. तिला नाक मुरडण्याचे कारण नाही.

नाक मुरडायचे ते ऑनलाइन दिसणाऱ्या ‘१६ टीबी’च्या चिमुकल्या, हजार-दोन हजारांच्या डिस्ककडे पाहून. त्यांच्या डबीत बहुधा एखादे छोटे मेमरी कार्ड चिकटवलेले असते आणि आत अशी लबाडी केलेली असते की संगणकाला ती मोठी डिस्क वाटते. फाइली गेल्यासारख्या दिसतात, नावेही दिसतात. खरी जागा संपल्यावर मात्र नवे जुन्यावर लिहिले जाते, किंवा कुठेच लिहिले जात नाही. कोणतीही नवी डिस्क आणली की ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने ती पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहावी. रात्रभर किंवा त्याहून जास्त वेळ लागतो, पण खोटी डिस्क लपत नाही, आणि खरी पण जन्मतः दुबळी असलेलीही बहुधा उघडी पडते. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा दुसरा प्रोग्रॅम डिस्क आजवर किती तास चालली ते दाखवतो. नव्या डिस्कवर हजारो तास दिसले तर ती नवी नव्हे हे उघड आहे. अर्थात हा आकडाही पुसता येतो. २०२५ च्या आरंभी जर्मनीतून अशी प्रकरणे बाहेर आली की सीगेटच्या वापरलेल्या डिस्क त्यांचे तास शून्यावर आणून नव्या म्हणून विकल्या गेल्या. तेव्हा पावती देणारा ओळखीचा दुकानदार हा यंत्राचाच एक भाग समजावा. वॉरंटीचा मात्र फार भरवसा धरू नये. वॉरंटीत डिस्कच्या बदली डिस्क मिळते. आतले फोटो कोणी बदलून देत नाही.

किती जागेची घ्यावी, हा प्रश्न लोकांना सर्वांत मोठा वाटतो आणि माझ्या मते तो सर्वांत लहान आहे. एक टीबीची डिस्क जोडली की विंडोज ९३१ जीबी दाखवते, आणि लोक फसवले गेल्याच्या भावनेने परत येतात. त्यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, संगणक १०२४ च्या पटीत. खरी मौज पुढे आहे. घरातले जे गेले तर पुन्हा मिळणार नाही, ते वेगळे काढून मोजावे. सिनेमे आणि गाणी पुन्हा मिळतात, प्रोग्रॅम पुन्हा मिळतात. व्हॉट्सॲपवर आलेल्या ‘सुप्रभात’च्या चित्रांविषयी तर न बोललेलेच बरे. हे सारे वजा केले की उरते ते थोडे असते. मी आजीच्या ओव्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या, त्या तेरा तासांच्या आहेत. त्यांना जागा लागते पाऊण जीबी. एक टीबीच्या डिस्कवर अशा हजाराहून अधिक आज्या मावतील.

ओव्यांविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवें यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आज त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर वाचायला आणि पुष्कळशा ऐकायलाही मिळतात. त्यांच्या प्रती अनेक ठिकाणी आहेत. माझ्या आजीच्या ओव्यांत आमच्या गावच्या वाड्या-वस्त्यांची नावे आहेत, तिच्या भावांची नावे आहेत, आणि त्या फक्त माझ्याजवळ आहेत. आजी गेल्या भाद्रपदात गेली. तिला आता पुन्हा म्हणायला सांगता येत नाही. म्हणून डिस्क कोणती याहून दुसरी प्रत कुठे, या प्रश्नाची मला अधिक काळजी लागली.

एकाच प्रतीचे काय होते, हे मराठीच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून चक्रधरांच्या आठवणी जमवल्या. त्या लीळाचरित्राची मूळ पोथी धामधुमीच्या काळात नाहीशी झाली आणि मग शिष्यांनी ते आठवणीतून पुन्हा सिद्ध केले. पाठ निराळे झाले ते त्यामुळेच. तिथे निदान आठवणारी माणसे होती. तेरा तासांच्या ओव्या आमच्या घरात आता कोणाला पाठ आहेत? आईला पंधरा-वीस येतात, मला चार.

अमेरिकेतले छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी एक नियम रूढ केला आहे : प्रती तीन, त्या दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. नियम व्यावसायिकांसाठी सांगितलेला असला तरी खेड्यातल्या घरालाही तो लागू पडतो. आमच्या घरी एक प्रत लॅपटॉपवर आहे, दुसरी घरच्या डिस्कवर आणि तिसरी मामांच्या घरी जतला. जत निवडण्याचे कारण असे की आमचे गाव कृष्णाकाठी आहे. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर सांगली जिल्ह्याने पाहिले. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरून हजारो ग्रंथ गेले. त्या पाण्यापुढे कपाटातल्या दोन डिस्क आणि एक डिस्क यांत काय फरक? जत तालुका दुष्काळी. कृष्णेचे पाणी आपल्या शिवारात यावे म्हणून तिथली माणसे म्हैसाळ योजनेची वर्षानुवर्षे वाट पाहत आली. माझ्या डिस्कला मात्र तिथला कोरडेपणाच मानवतो, हे मामांना सांगितले तेव्हा ते मोठ्याने हसले.

जतची डिस्क आम्ही वर्षातून दोनदा बदलतो, भाऊबीजेला आणि अक्षय्य तृतीयेला. आई माहेरी जाताना नवी भरलेली डिस्क नेते आणि जुनी परत आणते. त्यासाठी दोन डिस्क आळीपाळीने फिरतात, रुमालात आणि त्यावर स्टीलच्या डब्यात. आत्या, मावशी, नोकरीसाठी शहरात गेलेला भाऊ, असे एखादे घर प्रत्येकाला असतेच. शहरातल्या दोन घरांपेक्षा दोन गावांत नाते असलेल्या आपल्यासारख्यांना हा नियम पाळणे उलट सोपे आहे.

घराबाहेरची प्रत इंटरनेटवर ठेवली तर नाही का चालणार, असे कोणी विचारील. चालेल, लहान आणि महत्त्वाच्या गोष्टींना तर उत्तम. गूगलच्या खात्यात १५ जीबी फुकट मिळतात आणि ओव्यांना त्या पुष्कळ झाल्या. पण फोटोंसाठीची अमर्याद फुकट जागा गूगलने जून २०२१ पासून बंद केली, आणि दोन वर्षे न वापरलेले खाते काढून टाकण्याचे धोरणही तिने २०२३ मध्ये जाहीर केले. दुसऱ्याच्या कोठारात धान्य ठेवावे, पण सगळे ठेवू नये. शिवाय मोबाइल आणि इंटरनेट यांच्यात आपोआप जुळणी चालू असेल, तर इकडे पुसलेले तिकडेही पुसले जाते. ती सोय आहे, बॅकअप नव्हे. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी रेड नावाची योजना असते तिच्याबद्दलही हेच म्हणता येईल. एक डिस्क बंद पडली तरी काम थांबत नाही, एवढाच तिचा उपयोग. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकाच क्षणी जाते.

नक्कल झाली की डिस्क काढून ठेवावी, जोडलेली राहू देऊ नये. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या प्रोग्रॅमने शंभराहून अधिक देशांतल्या संगणकांवरच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली होती. अशा वेळी जोडलेली डिस्कही कुलपात जाते. कपाटातली सुटते.

नक्कल नुसती करून भागत नाही, ती ताडून पाहावी लागते. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. आपल्याला एवढे कष्ट नाहीत. प्रत्येक फाइलीवरून संगणक एक लांबलचक आकडा काढू शकतो, त्याला चेकसम म्हणतात. फाइलीतले एक अक्षर बदलले तरी आकडा बदलतो. मूळ आणि नक्कल यांचे आकडे जुळले की पाठभेद नाही असे समजावे. हे ज्यांना अवघड वाटेल त्यांनी निदान दहा-वीस फाइली उघडून पाहाव्यात, आणि त्या डिस्कवरूनच उघडाव्यात. बंद ठेवलेली डिस्कही वर्षातून दोनदा तरी जोडून फिरवावी. डिस्क पाच-सहा वर्षांची झाली की चालू असली तरी तिला दुय्यम कामावर टाकून नवी आणावी. डिस्क जाण्यापूर्वी इशारा देतेच असे नाही. गूगलच्या तिघा संशोधकांनी २००७ साली आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बंद पडलेल्यांपैकी पुष्कळशा डिस्कनी आपल्या प्रकृतीची कोणतीही तक्रार आधी नोंदवली नव्हती असे आढळले.

डिस्कला कुलूप घालावे का, म्हणजे पासवर्ड? कागदपत्रांच्या डिस्कला घालावे, कारण चोरीला गेली तर आधार-पॅनच्या नकला भलत्याच्या हाती पडतील. पण तो पासवर्ड एकट्या मुलाच्या किंवा मुलीच्या डोक्यात राहिला आणि ती शिकायला परगावी गेली, तर घरच्यांना ती डिस्क असून नसल्यासारखी. ओव्यांच्या आणि फोटोंच्या डिस्कला मी कुलूप घातलेले नाही. प्रत्येक डिस्कवर कागदाची चिठ्ठी चिकटवून तारीख लिहिली आहे आणि एका शंभर पानी वहीत कोणत्या डिस्कवर काय आहे, ती कुठे आहे आणि शेवटची केव्हा ताडली, याची नोंद ठेवली आहे. ती वही घरात एल.आय.सी.च्या पावत्यांच्या पिशवीत असते. माझे वडील सातवी शिकलेले आहेत आणि संगणकाला ते हात लावत नाहीत, पण अक्षय्य तृतीयेला आई निघाली की कोणती डिस्क न्यायची आणि कोणती आणायची, ते वही पाहून तेच सांगतात.